पासपोर्ट लागत नाही, बोट लागते

मी शाईची डबी बोलतेय. लिहायच्या शाईची दौत नव्हे, अंगठा उठवायची डबी. पत्र्याची, तळहातावर मावेल एवढी. आत लोकरीच्या नमद्याची गादी, तिच्यावर ताणून बसवलेली मलमल, आणि तिच्या पोटात जांभळी शाई. ज्याला सही येते त्याला माझी कधी आठवण होत नाही. ज्याला येत नाही त्याचं माझ्यावाचून पान हलत नाही.

मला स्वतःला एक अक्षर येत नाही. हजारो कागद माझ्या शेजारून गेले, पण त्यांत काय लिहिलं होतं ते मी वाचून नाही, ऐकून सांगते. ऐकलेलं मात्र विसरत नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते ठाऊक नाही. मला पहिलं आठवतं ते उज्जैनच्या फ्रीगंजातलं कागदपेन्सिलींचं दुकान आणि तिथून मला उचलणारे मधुकरराव. हे अर्जीनवीस. म्हणजे दुसऱ्यांचे अर्ज, पत्रं, दाखले लिहून देणारे. कोठी महालाच्या आवारात कचेरीबाहेर कडुनिंबाखाली त्यांची सतरंजी असायची, पुढे उतरतं मेज, आणि मेजावर उजव्या हाताला मी. संस्थानचे दिवस होते ते. सकाळी झाकण उघडलं की संध्याकाळपर्यंत माझ्यावर माणसं टेकायची.

अंगठ्यांची मला फार ओळख. चंबळेकडच्या शेतकऱ्याचा अंगठा भेगाळलेला, त्याच्या ठशात मधूनमधून कोऱ्या रेघा. भैरूगढचे कापड छापणारे यायचे, त्यांचा अंगठा आधीच रंगलेला, माझी जांभळी शाई त्यावर दिसायची सुद्धा नाही. रामघाटावरचे म्हातारे पंडे यायचे, त्यांच्या अंगठ्याला गंधाचा वास. आणि बहुतेक सगळे फार जोर लावायचे. जोरात दाबलं की आपलं म्हणणं जास्त खरं ठरतं असं माणसाला वाटतं. मधुकरराव प्रत्येकाला म्हणायचे, "हलका हात, भाई, हलका हात. कागद कुठे पळून जात नाही."

मग राज्यं बदलली. कागदाच्या माथ्यावर आधी दरबार ग्वाल्हेर असायचं, ते जाऊन मध्यभारत आलं. मधुकररावांनी जुने छापील कागद पाठकोरे म्हणून कच्च्या लिखाणाला घेतले. वरचं नाव बदललं, शिक्के बदलले, साहेब बदलले. खालचे अंगठे तेच. ही गोष्ट मला तेव्हापासून फार आवडत आली आहे.

त्यांतला एक अंगठा अक्काचा. नाव दुर्गा, पण सगळं उज्जैन तिला अक्काच म्हणायचं. तिचे यजमान दरबारच्या दप्तरात कारकून होते. ते गेल्यावर तिला निवृत्तीचं जे काही मिळायचं, त्यासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागे. आपण जिवंत आहोत असा अर्ज, खाली अंगठा. मधुकरराव विचारायचे, "काय अक्का, हयात आहात ना?"

"उठवून बघते. उमटला तर आहे म्हणायचं."

आणि ती अंगठा टेकवायची. शेकडोंमध्ये एक अंगठा असा असतो की तो गादीवर पडला की गादीलाच बरं वाटतं. दाबणं नाही, घासणं नाही. आला, टेकला, उचलला. कागदावर एकेक रेघ मोजून घ्यावी.

अक्का दाखल्यासाठी वर्षातून एकदा यायची, पण पत्रांसाठी दर महिन्याला. तिची धाकटी बहीण जयू मालवणला दिली होती. उज्जैनच्या शाळेत एक मालवणी मास्तर नोकरीला आले होते, त्यांनी जयूला मागणी घातली आणि लग्न झाल्यावर दोन वर्षांनी तिला घेऊन आपल्या गावी गेले. त्याला एकतीस वर्षं झाली होती. एकतीस वर्षांत बहिणी भेटल्या नव्हत्या. जयूला मास्तरांनी लिहायला शिकवलं होतं, म्हणून ती स्वतःच्या हातानं पत्र लिहायची. अक्का ते पदरात बांधून मधुकररावांकडे आणायची, आणि ते मोठ्यानं वाचायचे. आमच्या कडुनिंबाखाली समुद्र कुणी पाहिला नव्हता, पण जयूच्या पत्रांतून आम्हाला त्याच्या भरतीओहोटीच्या वेळा पाठ झाल्या होत्या.

सन छप्पन्नच्या एप्रिलमध्ये एक पत्र आलं. मधुकररावांनी उघडलं आणि वाचायचे थांबले.

"अक्का, अक्षर बदललंय."

पत्र जयूच्या मुलानं, श्रीकांतनं, लिहिलं होतं. आईच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. उजवा गेला. डाव्यानं नळीतून पाहिल्यासारखं थोडं दिसतं, तेही पावसाळ्यापुरतं राहील असं डॉक्टर म्हणतात. आई म्हणते, अक्काला एकदा पाहून घेऊ दे.

अक्कानं पत्र परत घेऊन पदरात बांधलं. मग म्हणाली, "लिहा त्याला. येते म्हणावं."

जायचं कसं, ते मात्र सोपं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अक्का जिन्यावरून पडली होती, तेव्हापासून डॉक्टरांनी मोटारीचे धक्के सक्त मना केले होते. कोल्हापूरहून घाटातून मोटारीनं जाणं तिला जमणारं नव्हतं. रेल्वेत पाय लांब करून ती मुंबईपर्यंत जाऊ शकत होती. मुलगा अरविंद रेल्वेतच होता, त्याला पास मिळायचा. मुंबईहून पुढे बोट. बोटीवर पथारी पसरून निजता येतं, असं जयूनंच कधीतरी लिहिलं होतं. पण पावसाच्या तोंडावर बोटी बंद होतात त्या थेट पावसाळा सरल्यावर सुरू होतात. मे महिना हाच काय तो रस्ता.

इथे भय्यासाहेब आडवे आले. भय्यासाहेब म्हणजे अक्काचे दीर. तहसिलीतून निवृत्त झालेले, हातात काठी, काखेत वर्तमानपत्र. मनानं वाईट नाहीत, पण कायदा म्हटला की त्यांच्या अंगात यायचं. दुसऱ्या दिवशी अक्का, सून शैला आणि भय्यासाहेब असे तिघं कडुनिंबाखाली आले.

"वहिनी, बोट म्हणजे परदेश," भय्यासाहेब म्हणाले. "पासपोर्टाशिवाय बोटीवर पाय ठेवू देत नाहीत."

"मालवण परदेशात कधी गेलं?"

"गोवा लागून आहे ना तिथे. पोर्तुगीजांचं राज्य. हल्ली तिकडे जायला परवाना लागतो, पेपरात रोज येतंय. बोट जरा इकडची तिकडे गेली म्हणजे?"

"जाऊ दे की. मी थोडीच चालवणार आहे."

शैलानं पदर तोंडाला लावला. भय्यासाहेबांनी काठी आपटली. "हसण्यावारी नेऊ नका. पासपोर्ट हा पासपोर्ट असतो."

"बरं," अक्का म्हणाली, "पास तर अरविंदाचा आहे घरात. पोर्ट तेवढा काढायचा राहिला. तो कुठे मिळतो?"

मधुकररावांची लेखणी हसण्यानं हलली आणि अर्जावर डाग पडला.

पण हसून प्रश्न सुटत नव्हता. मधुकरराव तिला घेऊन कचेरीत विचारून आले. परतले तेव्हा दोघांचे चेहरे उतरलेले. तिथल्या बाबूनं सांगितलं होतं, "माताजी, बन तो जाएगा, पर जन्म का प्रमाण चाहिए. फिर जाँच होगी. चार-छह महीने मानकर चलिए." अक्का म्हणाली होती, शिप्रेला मोठा पूर आला त्या साली माझा जन्म. त्यावर तो बिचारा म्हणाला, बाढ़ का प्रमाणपत्र तो हम नहीं लेते.

चार-सहा महिने. जयूचा डोळा तोवर थांबणार नव्हता.

"लागतो की नाही, तेच आधी विचारू," मधुकरराव म्हणाले. "इथे बसून सगळे अंदाज करतायत. समुद्राजवळ राहणाऱ्याला विचारावं." त्यांनी श्रीकांतला कार्ड लिहिलं. बोटीनं येण्यास पासपोर्ट लागतो किंवा कसे, उलट टपाली कळवणे.

ते अकरा दिवस अक्का रोज यायची. पत्र आलं तर पोस्टमन घरी देईल हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण घरी बसून वाट बघण्यापेक्षा कडुनिंबाखाली बसून वाट बघणं तिला बरं वाटायचं. कुणी नवखी बाई अंगठा द्यायला घाबरली की अक्का तिचा हात धरायची. "लाजू नकोस बाई. आपली सही देवानंच करून दिलीय, ती विसरायची भीती नाही." त्या दिवसांत माझ्या शाईचा एकही वाकडा ठसा उठला नाही.

बाराव्या दिवशी कार्ड आलं. शैला धावत घेऊन आली, तिच्यामागे भय्यासाहेब. मधुकररावांनी वाचलं:

"तीर्थस्वरूप मावशीस साष्टांग नमस्कार. पासपोर्ट लागत नाही. मालवण आपल्याच देशात आहे. मात्र बोट लागते, त्याची तयारी ठेवावी. लिंबू जवळ असावे. मे अखेरच्या आत निघावे. आई वाट पाहते."

अक्कानं दोन्ही हात जोडले. मधुकररावांनी मात्र कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

"बोट लागते," ते म्हणाले. "बोटीनं येणार हे तर आपणच कळवलंय. मग हे कुठलं बोट?"

आता तुम्ही किनाऱ्याकडचे असाल तर एव्हाना हसत असाल. पण हे लोक दीडशे वर्षांपासून माळव्यात राहिलेले. त्यांच्या बोलण्यात बोट लागायचं ते जखमेला, नाहीतर तुपाला. त्यांनी जे वाचलं ते असं, की पासपोर्ट लागत नाही, त्याच्याऐवजी बोटाचा ठसा लागतो.

"अंगठा म्हणायचं असेल," शैला म्हणाली.

"अंगठा असता तर अंगठा लिहिलं असतं," मधुकरराव म्हणाले. या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. "मुलगा शिकलेला आहे. बोट म्हणतो त्याअर्थी बोटच."

"आणि लिंबू कशाला?"

"शाई काढायला," भय्यासाहेब म्हणाले. "लिंबानं डाग जातो."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही खात्री पटली. शाईची डबी मी, मलाच जर पटलं तर इतरांचं काय सांगावं.

मग भय्यासाहेबांचा चेहरा हळूहळू काळवंडला. ते सतरंजीच्या कडेला बसले. ते कधी बसत नसत.

"वहिनी, दहा बोटांचे ठसे कुणाचे घेतात, ठाऊक आहे? ठाण्यात घेतात. चोरांचे. मी तहसिलीत असताना पाहिलेत ते कागद. सीमेजवळचा मुलूख, येणाऱ्याजाणाऱ्याचे घेत असतील, मी नाही म्हणत नाही. पण आपल्या घरातल्या बाईनं बोटीच्या दारात उभं राहून, परक्या शिपायासमोर एकेक बोट काळं करून द्यायचं? दादा असते तर?"

वर निंबोळ्या होत्या, त्यांतली एक माझ्या झाकणावर पडली.

अक्का आपल्या हातांकडे बघत होती. मग तिनं दोन्ही हात मांडीवरून उचलून मेजावर माझ्या दोन बाजूंना ठेवले.

"भावजी, तुमचे दादा असते तर त्यांनी मला मुंबईपर्यंत पोचवलं असतं. चोर तर चोर. माझी बहीण आंधळी होतेय. तिला मी दिसले पाहिजे. दहा मागितली तर दहा देईन, पायाची मागितली तर तीही देईन. बोटं माझी आहेत ना?"

"तुमचीच," भय्यासाहेब म्हणाले.

"मग झालं. मधुकरराव, कागद काढा."

मधुकरराव तयार होईनात. बारा वर्षं लोकांचे ठसे घेणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाला, "अक्का, तिथे मागतील तेव्हा द्या. माझ्या हातून नको."

"तुमच्या हातून घेतले तर नीट येतील. तिथे कुणी दाबून बिघडवले, आणि चालत नाहीत म्हणून मला परत पाठवलं, तर मी काय करू?"

मधुकररावांनी चांगला जाड कागद काढला, वर वळणदार अक्षरात लिहिलं, सौभाग्यवती जयू हिची सख्खी बहीण दुर्गा, राहणार उज्जैन, मध्यभारत, हिच्या दहा बोटांचे ठसे. आणि मग त्यांनी अक्काचं एकेक बोट आपल्या दोन बोटांत धरून माझ्यावर टेकवलं.

इतकी वर्षं मला तिचा अंगठाच ठाऊक होता. त्या दिवशी बाकीची भेटली. तर्जनीच्या टोकाला सुयांच्या टोचण्यांनी पडलेली जाळी. मधल्या बोटावर तव्याचा जुना चटका, तिथे रेघाच नाहीत. करंगळी अजून लहान मुलीसारखी मऊ. एका बाईनं साठ वर्षांत काय काय केलं ते सगळं माझ्या गादीवरून गेलं. मी पुष्कळ मोठ्या माणसांच्या सह्या जवळून पाहिल्या आहेत, पण त्या कागदासारखा कागद पाहिला नाही.

भय्यासाहेब तोंड फिरवून उभे होते. शेवटी वळले आणि म्हणाले, "मी लिंबं आणतो." आणि खरंच बाजारात गेले.

निघताना शैलाचं डोकं चाललं. "मधुकरकाका, डबी पण द्या अक्कांबरोबर. तिकडची शाई सुकलेली असली तर काय उज्जैनला परत यायचं?" मधुकररावांनी नुकतीच नवी डबी घेतली होती. त्यांनी मला शाई पाजली, झाकण घट्ट लावलं आणि शैलानं शिवलेल्या कापडी पिशवीत मला घातलं. ते म्हणाले, "हलका हात, अक्का." एवढंच. असं मी उज्जैन सोडलं.

मुंबईला अरविंदनं आईला धक्क्यावर आणून बोटीच्या फळीपर्यंत पोचवलं. त्याची रजा संपत होती. मालवणला श्रीकांत उतरवून घेणार होता. फळीच्या तोंडाशी एक माणूस उभा होता, खाकी कपड्यांतला. अक्कानं पिशवीतून तो जाड कागद काढून त्याच्यापुढे धरला आणि मान ताठ ठेवून उभी राहिली.

त्यानं कागद पाहिला. उलटा केला. "हे काय, आजी?"

"बोट. लागतं ना. आणखी घ्यायची असतील तर डबी आहे माझ्याजवळ."

"तिकीट द्या."

"ते पण आहे. पण बोट?"

"बोट ही समोर उभी आहे," तो म्हणाला. "चढा लवकर, मागे लोक खोळंबलेत."

ती चढली. डेकवर बायकांमध्ये पथारी पसरली. शेजारी माई नावाची एक मालवणी बाई होती, मुलीचं बाळंतपण करून गावी निघालेली. अक्का तिला म्हणाली, "बोटांचे ठसे पुढे घेतात की उतरताना?"

"कसले ठसे?"

अक्कानं पत्रातली ओळ पाठ म्हणून दाखवली. लिंबासकट. माई पदरात तोंड खुपसून इतकी हसली की तिची ट्रंक हलली. "अगो बाय माझे, बोट लागता म्हणजे पोटातला सगळा भायर येता. वांती होता, वांती. लिंबू हुंगूक सांगल्यान तुका."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हिला वाईट वाटेल. घरच्यांसमोर एवढा अपमान सोसायला तयार झाली, तो उगाचच. पण अक्का म्हणाली, "म्हणजे कुणी मागणारच नव्हतं?"

"कोणी नाय."

"चला, बरं झालं. भावजींना रात्री झोप लागेल."

पुढे वारा सुटला. मे अखेरचा समुद्र, तो काय गप्प बसतोय. एकेक करून सगळा डेक आडवा झाला. माई लहानपणापासून बोटीतून जाणारी, तीही आडवी. आणि अक्का तर अशी आडवी झाली की दोन लिंबं संपली. जरा उसंत मिळाली की ती डोळे मिटून म्हणायची, "लागली गं बाई. पत्रात खरंच लिहिलं होतं पोरानं." आणि त्या अवस्थेतही हसायची. दहा बोटांच्या कागदाची घडी करून तिनं माईला वारा घातला, माईनं तिला घातला. कागद जाड होता, वारा चांगला लागायचा.

मालवणला बोट दूर उभी राहते. पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्याकडे न्यायचं, आणि शेवटी गुडघाभर पाण्यातून खलाशांनी उचलून वाळूवर ठेवायचं. अक्काला ठेवलं तेव्हा तिनं वाकून आधी पाण्याला हात लावला, मग श्रीकांतच्या तोंडावरून हात फिरवला. "आईसारखा आहेस. चल, उजेड आहे तोवर घरी चल."

जयू पडवीत बसली होती. पाऊल वाजलं तशी तिनं मान उचलली, पण नजर अक्काच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"अक्का, जरा डावीकडे हो. हं. आणखी. थांब, आता कपाळ दिसलं." तिला एका वेळी रुपयाएवढंच दिसायचं. "कुंकू नाही गं. ठाऊक होतं, पण... आता नाक. नाक तेच आहे, आबांचं. हनुवटी कुठे गेली?"

"जिथे होती तिथेच आहे. खाली बघ."

"सापडली. म्हातारी झालीस गं."

"आणि तू नाही झालीस?"

"मला काय माहीत. आरशात मी आता मावत नाही."

दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता जयूला पुन्हा सगळं पहिल्यापासून शोधावं लागलं. कपाळ, नाक, हनुवटी. संध्याकाळपर्यंत तिनं बहिणीला तुकड्यातुकड्यानं पाहून पुरं केलं.

मग पाऊस लागला, बोटी बंद झाल्या, आणि अक्का तिथेच राहिली. त्या दोघींनी एक पद्धत घातली होती. सकाळी पडवीत उजेड आला की अक्का जयूसमोर पाट टाकून बसायची आणि जयू तिला बघायची. रोज. कधी कानातलं, कधी हाताची शीर, कधी नुसता पांढरा केस. दुपारी जुन्या गोष्टी, सकाळी मात्र बघणं. ऊन नसलं त्या दिवशी मास्तर नाहीतर श्रीकांत कंदील लावून द्यायचे.

श्रावण संपता संपता एका सकाळी जयू खांबाकडे तोंड करून म्हणाली, "बस ना अक्का, उजेड आलाय."

अक्का कधीची समोर बसलेली होती.

"बसले," ती म्हणाली. आणि पाट आवाज न करता उचलून तिनं खांबाजवळ नेऊन ठेवला, जयूचं तोंड होतं तिथे. दुसऱ्या दिवशीही बसली. निघेपर्यंत एकही सकाळ चुकवली नाही. माणसं मी खूप पाहिली. ही दोन माणसं मला सगळ्यांत मोठी वाटतात.

पावसाळा सरल्यावरच्या पहिल्या बोटीनं अक्का निघाली. निघताना जयू रडली ती या गोष्टीसाठी, की आता तुला माझ्या हातचं पत्र जाणार नाही. श्रीकांत लिहील, पण ते त्याचं.

अक्कानं पिशवी काढली आणि मला जयूच्या मांडीवर ठेवलं. "तुला लिहिता येत नाही आता, तर काय झालं? मला कधी येत होतं? त्याला लिहू दे. खाली तू अंगठा लाव. मी ओळखीन."

"शाई नीट लागली की नाही ते मला कसं कळणार?"

"हलक्या हातानं टेकव. कळतं."

तशी मी इथे राहिले. उज्जैनच्या उन्हाळ्यात मला दिवसातून दोनदा शाई पाजावी लागायची. इथल्या हवेत मी महिना महिना ओली असते. जयूचे पहिले दहा-बारा ठसे फिसकटले, कारण लिहिणाऱ्याच्या बोटाला दाबायची सवय असते. आता अक्काच्या तोडीचे उठतात. तिकडे मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश झाला. इकडे परवा मे महिन्यात महाराष्ट्र झाला. श्रीकांत कार्डावर पत्ता लिहिताना थबकतो, आता कुठलं राज्य घालू म्हणून. जयू म्हणते, "उज्जैन घाल. पोस्टमनला अक्का ठाऊक आहे."

मागच्या आठवड्यात उज्जैनहून अक्काचं कार्ड आलं. नेहमी खाली तिचा जांभळा अंगठा असतो. श्रीकांत सांगतो, आई, अंगठा आहे, आणि जयू कार्ड छातीशी धरते. या वेळी श्रीकांत कार्ड हातात घेऊन थांबला. "आई, तूच बघ," म्हणाला आणि तिचं बोट धरून कार्डाच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवलं.

अक्कानं अंगठा शाईत बुडवला नव्हता. डिंकात बुडवून टेकवला होता, आणि ओला असतानाच वर बारीक रांगोळी भुरभुरवून फुंकून टाकली होती. डिंकाला लागली तेवढी रांगोळी राहिली. अंगठ्याची एकेक रेघ कागदावर उभी.

जयू बोट फिरवत राहिली. बाहेरून आत, आतून बाहेर. पुष्कळ वेळानं म्हणाली, "चटक्याचं बोट नाही हे. अंगठाच आहे. उजवा." आणि मग, "बारीक झालीय रे ती."

शाईच्या डबीला कमीपणा वाटावा अशी ही गोष्ट. मला नाही वाटला. ज्या बाईला अक्षर येत नाही, तिनं आंधळ्या बहिणीला वाचता येईल असं लिहून पाठवलं, आणि ते लिहायला मी लागले नाही. इतक्या वर्षांच्या सहवासाचं मला याहून जास्त काय हवं?

माझी मलमल आता विरलीय, पत्र्याला खाऱ्या हवेनं गंज धरलाय. म्हणून एकच मागणं करून ठेवते. तुमच्याकडे कुणी जायचं म्हणत असेल, तर कागद लागतो का, परवाना लागतो का, जरूर विचारा. शहाण्या माणसाला विचारा, समुद्राजवळ राहणाऱ्याला विचारा. पण विचारता विचारता बोटींचे दिवस संपू देऊ नका.

आणि माझं झाकण इतक्यात लावू नका. श्रीकांतचं लिहून होत आलंय, आणि जयू अंगठा पुढे करून बसली आहे.